तलफ, वारा आणि हरणाचं नाक: मचाणावर सिगारेट ओढणाऱ्या शिकाऱ्यांसाठी

सिगारेट ओढणारा माणूस हरणाच्या शिकारीला लागला की पहिल्याच हंगामात त्याला हा प्रश्न पडतो: मचाणावर बसल्या बसल्या एक पेटवली, तर हरणाला कळेल का? जुन्या शिकाऱ्यांना विचारलं तर दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, मी जन्मभर ओढत आलोय आणि माझा फ्रीजर दरवर्षी भरतो. दुसरा म्हणतो, तंबाखूचा वास अंगाला असेल तर जंगलात पाऊलच टाकू नकोस. दोघंही खरं बोलतात. पहिल्याला वारा कळतो. दुसऱ्याला वाऱ्याने कधीतरी दगा दिलेला असतो, आणि त्याने खापर सिगारेटवर फोडलेलं असतं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. धूर जिथे पोचतो तिथे तुमच्या अंगाचा, श्वासाचा, बुटांचा वासही पोचतोच. म्हणून वारा चुकला असेल तर सिगारेट न ओढल्याने बेत वाचत नाही, आणि वारा बरोबर असेल तर एकट्या धुराने तो सहसा बिघडत नाही. बिघडतो तो पाकिटाच्या खुळखुळाटाने, लायटरच्या खरखरीने, तोंडाकडे जाणाऱ्या हाताने आणि दाबूनही बाहेर पडलेल्या खोकल्याने. लोक वासाची काळजी करत बसतात आणि आवाज-हालचालीकडे दुर्लक्ष करतात. या लेखात दोन्हींचा बंदोबस्त पायरीपायरीने सांगतो.

हे सगळं उत्तर अमेरिकेतल्या व्हाईटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या वेळात ही शिकार कायदेशीर आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरीण मारणं गुन्हा आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांना यातला वाऱ्याचा आणि आवाजाचा भाग फक्त कॅमेऱ्यासाठी उपयोगी.

आणखी एक गोष्ट आधीच बोलतो. तंबाखू सोडणं हाच सगळ्यात चांगला उपाय आहे, शिकारीसाठीही आणि फुप्फुसांसाठीही. मात्र ते उन्हाळ्यातच मनावर घ्या. निकोटिन बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात आणि पुढचे काही आठवडे चिडचिड, चुळबुळ राहते. जुलैत सोडलेला माणूस नोव्हेंबरात शांत बसतो. हंगामाच्या आदल्या रात्री सोडलेला माणूस मचाणावर दर दोन मिनिटांनी कूस बदलतो.

हरणाला नेमकं काय कळतं

व्हाईटटेलचं नाक कायम ओलं असतं. हवेत काही जाणवलं की ते जिभेने नाकपुड्या चाटतं, मान उंच करतं आणि हवा ओढतं. ओलाव्यावर वासाचे रेणू चांगले धरले जातात, म्हणून हे चाटणं. तुमच्या समोर एखादी मादी हे करताना दिसली तर समजा, तिला काहीतरी पुसट लागलंय आणि ती खात्री करून घेतेय. त्यानंतर पुढचा खूर आपटणं, डोकं खाली घालून झटकन वर करणं, आणि मग नाकातून जोराचा फुत्कार. फुत्कार झाला की आसपासच्या सगळ्या हरणांना बातमी गेली.

पण प्रत्येक वासाला हरीण पळत नाही. शेतांच्या कडेने राहणाऱ्या हरणांच्या नाकाला डिझेल, शेणखत, शेगडीचा धूर, ट्रॅक्टरवाल्याची सिगारेट हे सगळं रोजचं असतं. तेच वस्तीपासून दूरच्या दाट रानात तंबाखूचा वास आला तर त्याचा अर्थ एकच, माणूस. शिकारीचा जोर असलेल्या सरकारी जमिनीवर हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात हरणं इतकी बिथरलेली असतात की तिथे शेतावरचे हिशोब चालत नाहीत. त्यामुळे ‘माझ्या काकांच्या शेतावर चालतं’ हे वाक्य दुसऱ्या जमिनीवर नेऊ नका.

सिगारेटच्या धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनहून बारीक असतात. ते जमिनीवर बसत नाहीत, हवा नेईल तिकडे जातात. शिवाय आपण ओढून सोडतो त्याच धुराकडे आपलं लक्ष असतं, पण झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून जो धूर आपोआप निघत राहतो त्याचा वाटा मोठा असतो. तोंड वळवून धूर सोडल्याने काही साधत नाही ते यामुळेच.

कानांचं म्हणाल तर व्हाईटटेलचे दोन्ही कान स्वतंत्र फिरतात, आणि त्याची श्रवणशक्ती साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असते. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, हरणाला येतं. सिगारेटच्या पाकिटावरचं प्लास्टिक, आतला चंदेरी कागद, लायटरचं खरबरीत चाक, धातूच्या झाकणाची टिकटिक, हे सगळे कोरडे, टोकदार आवाज वरच्या पट्टीतले. निसर्गात त्यांना जोडीदार नाही. फांदी मोडली तर खार असू शकते, पान वाजलं तर पक्षी असू शकतो, पण लायटरच्या चाकासारखा आवाज रानात दुसरं कोणीच करत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात आणि लाल रंग त्याला फारसा कळत नाही. शिकाऱ्याची केशरी जाकीट त्याला बिचकवत नाही ती याच कारणाने, आणि सिगारेटचं तांबूस टोकही त्याला आपल्याइतकं ठळक दिसत नसावं. पेटती ज्योत ही वेगळी गोष्ट. त्याचे डोळे अंधुक उजेडासाठीच बनलेले आहेत, अंधारात ज्योत त्याच्या नजरेतून सुटणार नाही. पण सगळ्यात आधी दिसतो तो हात. एका सिगारेटला दहा झुरके धरले तर हात दहादा वर जातो आणि दहादा खाली येतो, म्हणजे वीस हालचाली, त्याही चेहऱ्याजवळ, जिथे कातडीचा फिका रंग उघडा असतो. वीस वेळा हात हलवून एखादा नर जवळ येईल अशी आशा धरणं मला पटत नाही.

पहिली पायरी: वारा वाचायला शिका

हवामानाचं ॲप सांगतं तो मोठा वारा. तुमच्या झाडापाशी काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच पाहायचंय.

बरेच जण बारीक पावडरची बाटली दाबून वारा बघतात. ती हातभर अंतरावरचं सांगते, पुढे पावडर दिसेनाशी होते. त्यापेक्षा मिल्कवीडच्या शेंगेतल्या म्हाताऱ्या खिशात ठेवा. ही झुडपं रुईच्या कुळातली, शरद ऋतूत रस्त्याच्या कडेला त्यांच्या शेंगा तडकलेल्या असतात. एक म्हातारी सोडायची आणि नजरेने तिचा पाठलाग करायचा. ती पन्नास पावलांवर जाऊन अचानक डावीकडे वळते, घळीच्या तोंडाशी गोल फिरते, मग खाली बसते. तुमचा वास हुबेहूब त्याच वाटेने जाणार आहे. हंगामाआधी मचाण बांधाल तेव्हाच सकाळी, दुपारी, संध्याकाळी म्हाताऱ्या सोडून पाहा.

चढउताराच्या जमिनीवर तापमानाने हलणारी हवा मोठ्या वाऱ्यापेक्षा महत्त्वाची ठरते. उजाडण्यापूर्वी थंड हवा उतारावरून खाली वाहत असते. ऊन पडून जमीन तापली की ती वर चढू लागते. संध्याकाळी सावली पसरली की पुन्हा खाली. म्हणून सकाळी ऊन आल्यावर वरच्या अंगाला बसावं आणि हरणं खालून येणार असा बेत ठेवावा. संध्याकाळी उलट, हरणांच्या वाटेपेक्षा खाली बसावं. या दोन पालटांच्या वेळी, म्हणजे उन्हं येतानाचा आणि सूर्य कलल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास, हवेचा काही भरवसा नसतो. हरणांची ये-जा नेमकी तेव्हाच असते.

धुराने हा पालट फार स्पष्ट दिसतो. वारा पडलेल्या संध्याकाळी सिगारेटच्या टोकावरची रेघ पाहा. सुरुवातीला ती वीतभर सरळ वर जाते, सैल होते, पानांत विरते. दहा मिनिटांनी तीच रेघ वीतभर चढून वाकते. आणखी थोड्या वेळाने ती तुमच्या गुडघ्यांवरून, पायाखालच्या फळीवरून ओघळत थेट ओहोळाकडे उतरायला लागते. अंगावर झुळूकही जाणवत नाही, पण खालची सगळी घळ तुमच्या वासाने भरत असते. काही शिकारी एवढ्यासाठी सिगारेटला वारा दाखवणारं साधन मानतात. साधन म्हणून ते खरं आहे, पण मिल्कवीडची म्हातारी हेच काम बिनवासाने करते.

मचाणाची जागा निवडताना एक नियम पाळा. तुमच्यावरून गेलेला वारा जिथे जातो तिथे हरीण येऊच शकणार नाही अशी जागा हवी: तळं, वाहता रस्ता, कापणी झालेलं उघडं शेत, खडा कडा. हरणाच्या वाटेवर वारा आडवा असला की उत्तम. मोठे नर बहुतेकदा झोपण्याच्या किंवा चरण्याच्या जागेला वाऱ्याखालून वळसा घालून येतात, म्हणून नुसतं ‘पाऊलवाटेच्या वाऱ्याखाली बसलो’ एवढं पुरत नाही, त्या वळशाचाही विचार करावा लागतो. ताशी ८ ते १६ किलोमीटरचा स्थिर वारा मला सगळ्यात आवडतो. अगदी निवांत हवेत मी मचाणावर काहीही पेटवायच्या विरुद्ध आहे, अपवाद नाही.

दुसरी पायरी: कपडे, हात, गाडी

सिगारेट विझली तरी तिचा चिकट थर कापडावर, केसांत, बोटांवर राहतो. लोकर आणि फ्लीस हा वास फार धरून ठेवतात. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुवा, उघड्यावर वाळवा आणि झाकणाच्या मोठ्या डब्यात बंद करा. ते घालून गाडी चालवू नका. गाडीत सिगारेट ओढणाऱ्याच्या सीटमध्ये वर्षानुवर्षांचा धूर मुरलेला असतो, वीस मिनिटांचा प्रवास पुरतो. साध्या कपड्यांत जा, गाडीबाहेर उभं राहून बदला, बूटही तिथेच चढवा.

हाताची बोटं आणि मिशी-दाढी या दोन जागा लोक विसरतात. तंबाखूचा पिवळा डाग ज्या बोटांवर असतो तीच बोटं शिडीच्या प्रत्येक पायरीला, बाजूला सारलेल्या प्रत्येक फांदीला लागतात. हात खाण्याच्या सोड्याने चोळून धुवा, दाढी धुवा, दात घासा, आणि वर चढेपर्यंत हातमोजे काढू नका. बाजारात वास मारणारे फवारे, कोळशाचे थर असलेले कपडे, ओझोन सोडणारी यंत्रं मिळतात. वास थोडा कमी होत असेल, पण नाहीसा होत नाही. ओझोनचं यंत्र बंद खोलीत किंवा गाडीत माणूस असताना चालवू नका. आधीच धुराने थकलेल्या फुप्फुसांना ओझोन फार त्रास देतो.

लाकडाच्या धुराने कपडे धुपवण्याची जुनी पद्धत आहे. शेकोटीचा धूर अनेक भागांतल्या हरणांच्या सवयीचा असतो, त्यामुळे काहींना तिचा उपयोग होतो. सिगारेटचा वास लपवायला ती वापरू नका. एका वासाखाली दुसरा झाकला जात नाही, हरणाला दोन्ही वेगवेगळे कळतात.

तिसरी पायरी: तलफेचा बेत आधीच ठरवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. मचाणावर पाच तास बसायचं आणि तलफ आल्यावर काय करायचं ते ठरलेलं नाही, हे बरं नव्हे. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते, पण त्या मिनिटांत माणूस खिसे चाचपतो, पाय हलवतो, घड्याळ बघतो.

निकोटिनची च्युइंगगम हा माझ्या मते सर्वांत सोयीचा मार्ग आहे. ती २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यांसाठी ४ ची, इतरांसाठी २ ची. नेहमीच्या गमसारखी ती चघळत राहायची नसते. थोडी चावायची, जिभेला चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. एक गम अर्धा तास पुरते. भराभर चावली तर घशात जळजळ आणि उचकी, आणि मचाणावर उचकी म्हणजे खोकल्याचीच बहीण. कॉफीचा घोट घेऊन लगेच गम तोंडात टाकू नका. आंबट किंवा कॉफीसारख्या पेयांनंतर तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही, मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या. पहाटे थर्मास उघडणाऱ्यांना ‘गम चालत नाही’ असं वाटतं त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

गमच्या गोळ्या पत्र्यासारख्या वाजणाऱ्या पट्टीत येतात. त्या घरीच सोडवा आणि लहान कापडी पिशवीत ठेवा. मुलांच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्या.

निकोटिनची चिकटपट्टी दिवसभर संथपणे काम करते, पण लावल्यावर परिणाम पुरता जाणवायला काही तास जातात. पहाटे साडेचारला लावलेली पट्टी उजाडतानाच्या मोक्याच्या वेळेला कामी येत नाही. २४ तासांची पट्टी आदल्या दिवशीच लावलेली बरी. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून.

आणि गाडीपाशी शेवटची सिगारेट ओढायचीच असेल तर कपडे बदलण्याआधी ओढा, नंतर नाही. मग तोंड धुवा, हात धुवा, तेव्हा डब्याचं झाकण उघडा.

खोकला आणि चाल

धूम्रपान करणाऱ्याचा सकाळचा खोकला हा या विषयातला सर्वांत मोठा आवाज आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कोरड्या थंड हवेत चढण चढून गेलात, धापा टाकत मचाणावर बसलात, की दहा मिनिटांत छाती खडखडायला लागते. यावर उपाय साधे आहेत. तासभर लवकर उठा आणि घरीच गरम पाणी पिऊन छाती मोकळी करून घ्या. मचाणापर्यंत इतकं हळू चाला की घाम येणार नाही आणि दम लागणार नाही. वाटेत थांबा, वरचा जाड कोट पाठीवर बांधून न्या आणि बसल्यावर घाला. मानेभोवती लोकरी पट्टा घेऊन त्यातून श्वास घेतला तर हवा थोडी उबदार, दमट होते. पाण्याची मऊ बाटली जवळ असू द्या आणि घशात खवखव सुरू होताच घोट घ्या, वाट बघू नका. खोकला आलाच तर तोंड कोपराच्या आत, कोटाच्या जाड बाहीत दाबून एकदाच मोकळा करा. दाबत दाबत पाच वेळा खाकरण्यापेक्षा एक दबका खोकला कमी नुकसान करतो.

थंडीचाही संबंध आहे. निकोटिनने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं आणि पावलं लवकर गार पडतात. ‘एक ओढली की ऊब येते’ ही समजूत उलटी आहे. गार बोटांनी धनुष्याची दोरी नीट सुटत नाही, बंदुकीचा घोडा नीट जाणवत नाही. हे गम आणि पट्टीलाही लागू आहे, म्हणून हात उबदार ठेवणाऱ्या पुड्या खिशात असाव्यात.

मचाणावर ओढायचीच असेल तर

मी ती ओढू नये असंच म्हणेन. तरीही काहीजण ओढणार, तर निदान अशी ओढा.

वेळ निवडा. उजाडल्यानंतरचे दोन तास आणि मावळतीपूर्वीचे दोन तास वर्ज्य. दुपारच्या मधल्या वेळेत, स्थिर वाऱ्यात, आसपास हालचाल नसताना. नोव्हेंबरात माजाचा काळ असेल तर दुपारीही नर फिरतात, तेव्हा ही सवलतही मिळत नाही.

तयारी घरी करा. पाकीट घरीच ठेवा. मोजक्या सिगारेटी, दोन किंवा तीन, आतून फ्लॅनेल चिकटवलेल्या लहान डबीत घ्या. डबीचं झाकण फिरकीचं असावं, टिचकीचं नको. लायटर दाबाचा, मऊ बटणाचा घ्या, धातूच्या झाकणाचा नको. तोही आधी घरात शांत खोलीत कानाशी धरून पेटवून पाहा. तुम्हाला स्पष्ट ऐकू आला तर हरणालाही येणार. काडेपेटी नकोच, खुळखुळते आणि गंधकाचा वास वेगळा. विझवलेल्या थोटकासाठी दुसरी डबी, तळाशी ओलसर माती टाकून.

पेटवण्याआधी पूर्ण दोन मिनिटं नुसतं बघा आणि कानोसा घ्या. मान सावकाश फिरवा, डोळ्यांनी आधी आणि मानेने नंतर. मग झाडाचं खोड तुमच्या आणि मुख्य पाऊलवाटेच्या मध्ये येईल असे वळा. वाऱ्याचा आवाज वाढेल, पानं सळसळतील तेव्हा लायटर दाबा. ज्योत तळहातांच्या ओंजळीत झाका. अंधारात पेटवाल तर हरणाच्या आधी तुमचेच डोळे दिपतील, आणि अंधाराला पुन्हा सरावायला डोळ्यांना जवळजवळ अर्धा तास लागतो. तो अर्धा तास पहाटेच्या शिकारीतला सगळ्यात मोलाचा असतो.

हात छातीशी धरा, मांडीवर नेऊ नका. झुरक्यासाठी हात उचलण्याऐवजी मान थोडी खाली आणा. अर्ध्यात हरीण दिसलं तर सिगारेट फेकू नका आणि घाईने विझवूही नका. तशीच छातीशी धरून गोठल्यासारखे बसा, हरणाने डोकं खाली घातलं किंवा झाडामागे गेलं की डबीत टाका. अशा वेळी एक हात अडकलेला असतो, शस्त्र उचलायला उशीर होतो. मचाणावरच्या सिगारेटविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हाच आहे, वासाचा नंबर त्यानंतर.

जमिनीवरच्या बंद तंबूत बसून ओढणं मला सगळ्यात वाईट वाटतं. धूर कोंडतो, कापडात मुरतो, आणि पुढचे कित्येक दिवस तो तंबू तुम्ही नसतानाही वास सोडत राहतो. पॉलिस्टरला ठिणगीने भोक पडतं किंवा ते पेटतंही.

व्हेप आणि तोंडात धरायची तंबाखू

व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, जळणं नाही म्हणून वास नाही, हा गैरसमज आहे. फळांचे, पुदिन्याचे, व्हॅनिलाचे अर्क माणसालाही खोलीभर कळतात. वर पांढरा ढग, जो थंडीत अधिक दाट दिसतो, आणि लुकलुकणारा दिवा. आवाज आणि आग या दोन बाबतीत ते सिगारेटपेक्षा बरं, बाकी फारसं वेगळं नाही.

तोंडात तंबाखू धरली तर धूर आणि ज्योत टळते, हात मोकळे राहतात, म्हणून पुष्कळ शिकारी तिच्याकडे वळतात. पण थुंकी मचाणाखाली पडते, हरीण तिथूनच जातं. थुंकायचं तर रुंद तोंडाच्या बाटलीत. आणि तोंडाचा कर्करोग तिने होतो हे आपल्याकडे कोणाला सांगायची गरज नाही. शिकारीसाठी सिगारेट सोडून हिला धरू नका.

आग, बंदुकीची दारू आणि सुरक्षा पट्टा

शिकारीचा हंगाम म्हणजे वाळलेल्या पानांचा हंगाम. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आपोआप विझण्याकडे झुकणाऱ्या सिगारेटी सक्तीच्या केल्या आणि नंतर सगळ्या राज्यांनी तेच केलं, पण अशी सिगारेट वाळक्या पाचोळ्यात विझेलच याची हमी नाही. राष्ट्रीय वनांमध्ये आगीचे निर्बंध लागू असतात तेव्हा सहसा नियम असा असतो की ओढायची तर बंद गाडीत, इमारतीत, किंवा निदान तीन फूट व्यासाची जागा पूर्ण साफ करून, एका जागी थांबून. झाडावरच्या मचाणाखाली पाचोळ्याचा थर असतो, म्हणजे ते त्यात बसतच नाही. निघण्यापूर्वी त्या भागाचा त्या दिवसाचा आदेश पाहा. खासगी जमीन असेल तर मालकाला स्पष्ट विचारा. अनेक शेतकरी शिकारीला हो म्हणतात आणि सिगारेटला नाही.

ठासणीच्या बंदुकीने शिकार करत असाल तर सिगारेटचा प्रश्नच मिटला. काळी दारू ठिणगीने भडकते. दारू जवळ असताना, भरताना, बंदूक साफ करताना, कधीही नाही.

मचाणावर चढताना, बसताना, उतरताना पूर्ण शरीराचा सुरक्षा पट्टा झाडाला जोडलेला हवा. सिगारेट हातात घेऊन शिडी उतरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ते पाहवत नाही.

नेम लागल्यावर

बाण किंवा गोळी लागली, हरीण झाडीत गेलं, हृदय धडधडतंय. बहुतेकांची पहिली सिगारेट इथेच पेटते. थांबा. जखमी हरीण पुष्कळदा शंभर-दीडशे पावलांवरच बसतं आणि मागचा कानोसा घेत असतं. बाण लागल्यावर किमान अर्धा तास शांत बसायचं असतं, पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. त्या वेळात त्याला आवाज किंवा वास गेला तर ते उठून लांब जातं आणि वेदनेत मरतं, सापडतही नाही. जनावराचे आपण एवढं तरी देणं लागतो. गम तोंडात टाका, कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडामागे गेलं ते मनात पक्कं करा, शस्त्र मोकळं करून मगच उतरा.

हरीण सापडलं, परवान्याची चिठ्ठी लावली, की कोथळा काढताना आणि मांस हाताळतानाही सिगारेट नको. राख मांसावर पडते आणि रक्ताळलेले हात तोंडाकडे जातात. सगळं आटोपून गाडीपाशी पोचलात, की मग.

एखाद्या संध्याकाळी मादीने वास घेऊन फुत्कार केलाच, तर ते मचाण काही दिवस रिकामं ठेवा आणि दुसऱ्या वाऱ्यासाठी बांधलेल्या दुसऱ्या जागी बसा. थोटकांची डबी दर फेरीनंतर रिकामी करून धुवा, आणि शिकारीच्या कपड्यांच्या डब्यात ती कधीही ठेवू नका. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, वेगळ्या पिशवीत तिची जागा.